चालत आलेलं गाणं

मीने, तू आधी फक्त ऐक. मध्ये बोलू नकोस, "मग काय झालं" असंही विचारू नकोस, कारण तेच सांगतेय. तो चहा ठेव खाली. 

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तू म्हणशील ललिता नेहमीसारखी मधूनच सुरू होते.

मला साऊंडमध्ये जायचंय हे तुला शाळेपासून माहितीय. अण्णा म्हणत होते डी.एड. कर, मी म्हटलं नाही, आणि महेशदादाच्या स्टुडिओत लागले. स्टुडिओ म्हणजे काय, रविवार कारंजाजवळ दोन खोल्या, भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले, की झाला स्टुडिओ. आरत्या, भारुडं, निवडणुकीच्या रिक्षावरच्या घोषणा, "ताई-माई-अक्का" सगळं मी रेकॉर्ड केलंय. पण पुढं जायचं तर मुंबई, आणि मुंबईत स्टुडिओत सगळे इंग्रजीत बोलतात. दादा स्वतः म्हणाला, "ललिते, कान तुझा सोन्याचा आहे गं, पण तोंड उघडलंस की पंचवटी बाहेर पडते."

म्हणून मी धनराज सरांकडे जायला लागले. सर म्हणजे सव्वीस वर्षं आर्मीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. रिटायर होऊन देवळाली कॅम्पातच राहिले. क्लासच्या पाटीवर काय लिहिलंय माहितीय? 'संगीतासाठी इंग्रजी'. विद्यार्थी एकच. मी!

दर मंगळवारी आणि शुक्रवारी सिटी बसनं कॅम्प. पहिल्याच दिवशी सरांनी मला सूर लावायला सांगितला. मी लावला. सर म्हणाले, "यू आर फ्लॅट." मी म्हटलं, "नो सर, अवर बैठं घर." अगं, सर इतके हसले, इतके हसले की क्लॅरिनेट खाली ठेवलं. मग म्हणाले, "बेटा, फ्लॅट म्हणजे सूर खाली राहिला." तिथनं सुरुवात. ब्रिज म्हणजे गाण्याचे दोन भाग जोडणारा तुकडा, मला होळकर पूल दिसायचा. टेक म्हणजे एका दमात केलेलं रेकॉर्डिंग, मी हात पुढं करायचे. फ्रॉम द टॉप म्हणजे गच्चीवरून नाही, गाणं पहिल्यापासून.

पण सरांचा खरा मंत्र वेगळाच. सर म्हणायचे, "बेटा, शब्द कमी आले तरी चालेल. प्रोफेशनल माणूस एक वाक्य कधी विसरत नाही. जस्ट टू कन्फर्म. कोणी काही बोललं, तुला समजलं असं वाटलं, तरी विचारायचं. जस्ट टू कन्फर्म, यू मीन असं असं? बँडमध्ये पन्नास माणसं एकदम वाजवतात. एकानं चुकीचं ऐकलं तर परेड ग्राऊंडवर सगळ्यांची अब्रू जाते."

मी हे वाक्य आरशासमोर शंभर वेळा म्हटलं असेल. लक्षात ठेव हां हे वाक्य.

आता मागच्या वर्षीचा फेब्रुवारी. हॉलंडहून एक बाई आल्या, योहाना मॅडम. उंच, ताडमाड, पायात चपला, खांद्याला एवढं मोठं मशीन. त्यांची छोटी कंपनी, जगभरची डोंगराकडची गाणी रेकॉर्ड करून सीडी काढतात. त्यांना पेठ-सुरगाण्याकडची गाणी हवी होती आणि बोलायला एक दुभाषी. दादानं मला पुढं ढकललं. "धिस गर्ल इज लर्निंग प्रोफेशनल इंग्लिश!" मॅडम म्हणाल्या, "वंडरफुल!" आणि मला तर वाटलं, झालं, लागली लॉटरी.

गायला कोण आली, तर चांगुणामावशी. तू बघितलीयस तिला. नाही का आपण मखमलाबादला द्राक्षं आणायला गेलो होतो, ती बागेत घड उतरवताना गात होती, आणि तू म्हणालीस, "ह्या बाईचा आवाज बघ गं, नुसता अंगावर येतो"? तीच. पेठकडची. भात काढून झाला की दरवर्षी मजुरीला नाशकात येते, द्राक्षं संपली की परत जाते. मीच तिला शोधून आणली. माझीच हुशारी सगळी, म्हणून तर जास्त लागतंय.

सात गाणी गायली. त्यातलं चौथं गाणं... मीने, मी हेडफोन लावून बसले होते आणि माझ्या मानेवर काटा आला. असं होतं बघ,

दगड बोलं बावीस गं, चिमणे, उचल पाय,
डांबर माझ्या पायाला, तुझ्या पायाला साय.

मग एकवीसचं कडवं, मग वीसचं, असं खाली खाली येत जातं. आणि पंधराला चाल तीच, पण आवाज एकदम कोवळा करते ती,

दगड बोलं पंधरा गं, आये, सांग खरं,
आपण चाललो म्होरं का नाशिक पळतं म्होरं?

संपलं तेव्हा मॅडमच्या डोळ्यांत पाणी. एक अक्षर कळलं नव्हतं बाईला, तरी पाणी. मग त्यांनी कागद काढला. प्रत्येक गाण्याचा एक फॉर्म होता, त्यात नाव, गाव, अर्थ, आणि गाणं आलं कुठून. मला विचारलं, "व्हेअर डिड शी गेट धिस साँग?"

मी मावशीकडं वळले. एकदम ऐटीत. "मावशी, हे गाणं आलं कुठनं?"

मावशी पदरानं घाम पुसत म्हणाली, "चालत आलंय."

संपलं! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कारण त्याच आठवड्यात, मंगळवारी, सरांनी मला नवा शब्द दिला होता. ट्रॅडिशनल. वहीत मी अर्थ लिहिला होता, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून. मी छाती काढून म्हटलं, "ट्रॅडिशनल, मॅडम!"

"आह, ट्रॅडिशनल," मॅडम म्हणाल्या आणि लिहिलं.

मग अर्थ. आता इथं मी जे काय केलं ना, ते सांगायचीच लाज वाटते. डांबराला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येईना. डोकं खाजवलं, आणि ठोकून दिलं, "ब्लॅक अर्थ." काळी माती! मॅडम म्हणाल्या, वा. चिमणी? "स्पॅरो." ते सोप्पं होतं. आये? "मदर." मॅडमनी विचारलं, "मदर, लाइक अ गॉडेस?" आता नाशिक म्हणजे देवाचं गाव, मॅडमचा चेहरा असा खुललेला, मी म्हटलं, "येस येस, गॉडेस." दगड? "स्टोन." "होली स्टोन?" "येस मॅडम!"

हसू नकोस गं मीने. त्या वेळी मला एकही शब्द अडला नाही याचाच मला इतका गर्व झाला होता. जाताना मॅडम म्हणाल्या, "युवर इंग्लिश इज व्हेरी प्रोफेशनल." बस. त्या रात्री मी अण्णांना ते वाक्य तीनदा म्हणून दाखवलं. फॉर्मवर खाली सही कोणाची? दुभाष्याची. ललिता. सातही फॉर्मवर.

वर्ष गेलं. मी विसरले पण नव्हते आणि धरूनही बसले नव्हते. आणि गेल्या महिन्याच्या शेवटी पोस्टमन स्टुडिओत आला, एवढं मोठं जाड पाकीट, वर परदेशी तिकिटं. मी तिथंच काउंटरवर फोडलं.

सीडी! चकचकीत. आत बारकी पुस्तिका, फोटो, आणि शेवटच्या पानावर माझं नाव. छापलेलं. इंग्रजीत. 'लँग्वेज अँड फील्ड असिस्टंट, नाशिक.' मी नुसती नाचले. दादानं पेढे मागवले.

आणि पत्र. ते तर ऐकूनच तू उडशील. मॅडमनी लिहिलं होतं, पुढच्या हिवाळ्यात सहा महिन्यांचं रेकॉर्डिंग आहे, कच्छपासून नेपाळपर्यंत, आणि त्यांना त्यांच्याबरोबर मीच हवीय. रेकॉर्डिंग असिस्टंट म्हणून! मशीनवर मी, मीने! अंड्यांच्या ट्रेमधनं थेट नेपाळ! शिवाय परत आल्यावर मुंबईच्या कोर्ससाठी शिफारसपत्र त्या स्वतः देणार.

पाकिटात अजून एक कागद होता. चार नंबरचं गाणं तिकडं फार गाजलं म्हणे. एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीला ते सिनेमात घ्यायचंय, मोठा ऑर्केस्ट्रा लावून. त्यांच्या वकिलाला फक्त लेखी हवं होतं की हे गाणं फार जुनं आहे, कोणी एका माणसानं केलेलं नाही. आणि ही माहिती दुभाष्यानं स्वतः गाणाऱ्या बाईला विचारून दिलेली आहे. खाली माझी सही. त्याच शुक्रवारपर्यंत फॅक्स करायचा.

मी काय केलं? लगेच सही केली. तिथंच, पेढ्याच्या हातानं. कागदाला तुपाचा डाग पडला, दादा ओरडला. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. म्हटलं, आधी मावशीला सीडी ऐकवू, मग जाता जाता पंचवटी कारंजावरनं फॅक्स करू.

बुधवार होता. मी दादाचा डिस्कमन घेतला, दोन छोटे स्पीकर घेतले आणि मखमलाबादला गेले. बागेत काम चालू होतं. मावशी घडांना कागद बांधत होती. तिच्याबरोबर एक मुलगी, असेल चौदा-पंधराची, सडपातळ, डोळे अगदी मावशीचे. मावशी म्हणाली, "ही माझी लेक. सुट्टी हाय म्हणून आली औंदा. नववीला हाय."

मी बांधावर स्पीकर ठेवले, बटण दाबलं. बागेतल्या बाया सगळ्या हातातलं काम टाकून आल्या. मावशीचा आवाज त्या वेलींखालनं असा घुमला! मावशी तोंडावर पदर धरून हसतेय, बाया म्हणतायत, "अगं चांगुणे, तू तर रेडिओत गेलीस!" आणि ती मुलगी? गाण्याबरोबर ओठ हलवतेय. सगळी कडवी तिला पाठ.

मी तिला पुस्तिका दिली. म्हटलं, "बघ, तुझ्या आईचं नाव. इंग्रजी वाचता येतं ना?"

तिनं बोट ठेवून वाचलं. "चांगुणा भोये. आणि ताई, हे पुढं काय? ट्रा... ट्रॅडि..."

"ट्रॅडिशनल," मी म्हटलं. एकदम क्लासच्या बाईंसारखी. "म्हणजे जुनं. आजी-पणजीपासून चालत आलेलं. कोणी एकानं केलेलं नाही असं."

मावशीचं हसू थांबलं नाही, उलट वाढलं. ती बाकीच्या बायांकडं बघून म्हणाली, "ऐकलं का? आजीपासनं! माझ्या आजीनं डांबर तरी पाहिलं होतं का गं? आमच्याकडं रस्ता झाला तवा ती मरून गेली होती."

मीने, मी तिथंच बसले. मातीत. 

मी म्हटलं, "मावशी, पण तूच तर म्हणालीस. मी विचारलं गाणं कुठनं आलं, तू म्हणालीस चालत आलंय."

"मग?" मावशी म्हणाली. "चालतच आलं. चालता चालता आलं. अगं, ही माझी पोर सहा वर्साची होती. आम्ही मजुरीला येत होतो. ट्रक वाटेत बंद पडला. दगडावर लिवलं होतं नाशिक बावीस. बाकीचे बसले तिथंच, पर मुकादम म्हणला जी आज पोचंल तिला काम. मग काय, चालले. ही रडाय लागली. पाय भाजतात, आये, उचल. डोईवर बोजा, कशी उचलू? मग मी म्हणलं, तू म्होरच्या दगडापर्यंत चल, मी तुला गाण्याची एक नवीन वळ सांगते. दगड आला का वळ. दगड आला का वळ. असं करत करत बावीस दगड आणली मी हिला."

म्हणजे बघ ना! ते किलोमीटरचे दगड होते गं! रस्त्याच्या कडेचे, पांढरे, वर आकडा लिहिलेले! मी त्यांना होली स्टोन केलं!

मी पुस्तिका हातात घेतली आणि मॅडमनी लिहिलेलं पान पहिल्यांदा नीट वाचलं. नीट! आधी मी फक्त माझं नाव वाचलं होतं. तिथं काय लिहिलंय माहितीय? 'हे अतिप्राचीन यात्रागीत आहे. काळ्या मातीवरून बावीस पवित्र शिळा ओलांडत एक चिमणी देवीला साकडं घालायला जाते.'  एक एक शब्द माझा होता. मॅडमची काय चूक? त्यांनी मला विचारलं, मी सांगितलं.

तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "ताई, इथं स्पॅरो लिहिलंय. स्पॅरो म्हणजे चिमणी ना?"

मी म्हटलं, "हो."

"पण गाण्यात चिमणी कुठं हाय?"

"चिमणे, उचल पाय..." मी म्हणाले, आणि मावशीनं कपाळावर हात मारला.

"अगं, तिचं नाव चिमणा!"

चिमणाबाई भोये, इयत्ता नववी. माझ्यासमोर उभी. मी तिला पाखरू करून परदेशात पाठवलं होतं.

बाया इतक्या हसल्या! एक म्हातारी तर म्हणाली, "उडून दाखव गं, चिमणे." पण ती नाही हसली. ती त्या पानाकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "आणि पंधराचा दगड? तिथं काय लिहिलंय?"

मी वाचलं. 'हे देवी, सत्य सांग.'

"ती वळ माझी हाय," चिमणा म्हणाली.

मावशी म्हणाली, "कसली तुझी?"

"माझीच. तू म्हणाली होतीस, मला सुचंना, घसा सुकला, तूच सांग काहीतरी. मग मी विचारलं, आपण म्होरं चाललो का नाशिकच म्होरं पळतंय. तू रस्त्यात बसून हसलीस. मग तू तीच गाण्यात घातलीस."

 आठवताना माणूस कुठंतरी लांब बघतं ना, तशी मावशी बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय की गं. मी विसरलेच. म्हणून तर तिथं आवाज बारीक होतो माझा. सवयीनं होतो."

म्हणजे मीने, मी हेडफोन लावून ऐकलेलं, आवाज कोवळा होतो ते. माझा कान सोन्याचा ना! ऐकू आलं मला, कळलं काहीच नाही. चिमणे-चिमणे म्हणणारी एक, आणि मध्येच आये म्हणणारी दुसरी. दोन माणसं बोलतायत त्या गाण्यात, हे शाळेतलं पोरगं सांगेल.

मग चिमणानं विचारलं, "मग ताई, आता हे गाणं कोणाचं लिहिलंय?"

काय सांगू? मी म्हटलं, "कोणाचंच नाही."

 आणि माझ्या पर्समध्ये, माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये, तो कागद. सही केलेला. तुपाचा डाग पडलेला.

मी लपवलं नाही, एवढं मात्र सांगते. काढला बाहेर आणि सगळं सांगितलं. सिनेमाचं, ऑर्केस्ट्राचं, नेपाळचं, माझ्या नोकरीचं. मी म्हटलं, हा कागद गेला की गाणं कायमचं कोणाचंच नाही. नाही गेला, तर मला कळवावं लागेल की मी चूक केली. एक शब्द नाही, अख्खं पान चूक केलं. मग जी मुलगी मराठीतलं मराठी समजू शकली नाही तिला नेपाळला कोण नेईल?

आणि मावशी काय म्हणाली असेल? सांग बरं. तुला वाटेल भांडली असेल. मला पण वाटलं. भांडली असती तर बरं झालं असतं गं! ती माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "धाड तसंच. तुझं नाव छापून आलंय, पोरी. तुझं कल्याण व्हतंय तर व्हऊ दे. मला काय, गाणं माझ्या तोंडात हाय."

मी रडायलाच लागले. तर चिमणा आईकडं बघून म्हणाली, हळूच, पण मला ऐकू आलं, "आणि मी? मी काय चिमणीच ऱ्हाऊ?"

मी कागद घडी करून परत पर्समध्ये ठेवला. 

मी तिथनं थेट कॅम्पला गेले. बुधवार, क्लासचा दिवस पण नव्हता. सरांना सगळं सांगितलं. सर खुर्चीत बसलेले, ऐकता ऐकता त्यांचा चेहरा असा उतरला. शेवटी म्हणाले, "वही दाखव." मी वही दाखवली. ट्रॅडिशनल, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, खाली दोन रेघा. सर म्हणाले, "बरोबर लिहिलंयस. मीच सांगितलंय."  मग म्हणाले, "जस्ट टू कन्फर्म म्हणालीस का तिला?"

मी म्हटलं, "सर, ते तर इंग्रजीसाठी असतं ना?"

सरांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मला त्यांनी त्या वेळी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. कारण खरंच गं, मला तसंच वाटत होतं. मॅडम काय बोलल्या ते मी चार-चार वेळा कन्फर्म केलं. "यू मीन टुमारो, मॅडम? टेन ओ'क्लॉक, मॅडम?" आणि मावशीला एकदाही नाही. म्हटलं, मराठी तर आपल्याला येतंच.

सर म्हणाले, "पत्र लिहायचं तर आजच्या आज लिहू. कागद पाठवायचा असेल तर मी अडवणार नाही. उमर तुझी आहे, नोकरी तुझी आहे." आणि उठून आत गेले. मला एकटीला सोडून! मी इतकी चिडले. म्हटलं, मोठी माणसं अशी ऐन वेळी आत का जातात?

गुरुवारी दादाला सांगितलं. दादा तर उडालाच. "वेडी आहेस का? दोन हजार सीड्या छापल्यात बाईनं! तिचं नुकसान, तुझं नुकसान, माझ्या स्टुडिओचं नाव पुस्तिकेत आहे त्याचं काय? आणि त्या चांगुणाबाईनं स्वतः सांगितलं ना पाठव म्हणून? मग? तिला नको, तुला कशाला हवंय?"

तो चुकीचं काय बोलला सांग. एक शब्द सांग.

शुक्रवारी सकाळी मी बागेत परत गेले. मावशीसमोर बसले, आणि मीने, आयुष्यात पहिल्यांदा मराठीत विचारलं. "मावशी, परत एकदा विचारते हां, मला नीट कळावं म्हणून. गाणं तू केलंस?" ती म्हणाली, "व्हय." "बावीस दगडांवर, चालताना?" "व्हय." "पंधराच्या दगडाची ओळ चिमणाची?" मावशी लेकीकडं बघून म्हणाली, "व्हय. तिचीच." "आणि नाव लावलं तर तुला हवंय का, का नकोय?"

 मावशी हातातला घड फिरवत राहिली. मग म्हणाली, "असं कोणी विचारलंच नव्हतं आजवर. लाव. दोघींचं लाव."

मग मी पत्र लिहिलं. माझं माझं, सरांना न दाखवता. 'डिअर मॅडम, जस्ट टू कन्फर्म. इन मराठी, धिस वर्ड हॅज टू मीनिंग्ज. आय हर्ड द राँग वन. द साँग डिड नॉट कम फ्रॉम एन्शंट पीपल. इट केम वॉकिंग.' मग दगड कसले ते लिहिलं, डांबर काय ते लिहिलं, शब्द डिक्शनरीत बघून. देवी नाही, आई. पाखरू नाही, मुलगी, वय तेव्हा सहा. खाली लिहिलं, गाणं चांगुणा भोये आणि चिमणाबाई भोये यांचं. चूक गाणाऱ्या बाईची नाही. माझी. सही.

पंचवटी कारंजावरच्या बूथमध्ये दोन्ही कागद घेऊन उभी राहिले. एका हातात तुपाचा डाग पडलेला, एका हातात हा. मागं लाइन. बूथवाला म्हणाला, "ताई, कुठला घालायचा? पटकन सांगा, हॉलंडची लाइन मुश्किलीनं लागलीय."

मी पत्र दिलं. कागद घरघर करत आत गेला आणि मशीनमधनं बारीकशी चिठ्ठी आली, 'ओके'. फक्त ओके. माझं नेपाळ त्या दोन अक्षरांत गेलं का राहिलं, मला माहीत नाही.

आठ दिवस झाले. उत्तर नाही. फोन नाही, फॅक्स नाही. दादा माझ्याशी बोलत नाही, नुसता केबल गुंडाळून ठेव म्हणतो. अण्णांना अजून सांगितलंच नाही, ते अख्ख्या गल्लीत पुस्तिका दाखवत फिरतायत. आणि काल संध्याकाळी चिमणा आली होती स्टुडिओत, परत पेठला जाताना. तिनं पुस्तिकेत पेननं 'ट्रॅडिशनल' खोडलंय आणि वर इंग्रजीत दोन नावं लिहिलीयत, एक आईचं, एक स्वतःचं. मला म्हणाली, "ताई, स्पेलिंग बरोबर हाय का, कन्फर्म करा."

तो जुना कागद अजून आहे माझ्याकडे. हा बघ. फाडला नाही. का नाही फाडला, मला विचारू नकोस, मलाच माहीत नाही. रोज उठते आणि वाटतं बरोबर केलं, आणि दुपारी दादाचा चेहरा बघितला की वाटतं, कोणी मागितलं होतं हे माझ्याकडे? मावशीनं तर पाठव म्हटलं होतं.

आता बोल. आता चहा घे आणि खरं बोल, माझं मन राखायला नको. लाइन लागलीय, मागं माणसं उभी आहेत, बूथवाला हात पुढं करून विचारतोय कुठला घालू. मीने, तू असतीस तर कुठला कागद दिला असतास?